पोलाद की बेगड? लघुमूर्तींवरचं चिलखत रंगवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1461 च्या टाउटनच्या लढाईसाठी 28 मिमीचे चाळीस इंग्लिश पायदळ सैनिक रंगवायला घेतलेत, आणि स्पर्धेसाठी 75 मिमीचा एक सरदार. चंदेरी रंग लावला, वरून काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) ओतला, तरी चिलखत गणपतीच्या मखराला लावलेल्या बेगडासारखं दिसतं. आता नॉन-मेटॅलिक (साध्या रंगांनीच धातूची चमक चितारणं) शिकावं, की महागातले मेटॅलिक रंग मागवावेत?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. चाळिसांसाठी यातलं काहीच करू नका. आहेत तेच मेटॅलिक रंग पुरतील, फक्त त्यांच्यावर काळोख कसा चढवायचा ते बदलावं लागेल. सरदाराचं ठरवण्याआधी तो कुठे आणि कोणत्या दिव्याखाली बघितला जाणार, ते मला कळवा. तुमच्या पत्रात नेमकं तेवढंच नाही, आणि माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच होतो.

आता एक काम करा. स्वयंपाकघरातला पिठाचा स्टीलचा डबा घ्या, खिडकीसमोर ठेवा आणि त्याचा रंग एका शब्दात सांगून बघा. 'चंदेरी' म्हणालात तर तुम्ही डबा बघितला नाहीत, आठवणीतून उत्तर दिलंत. डब्यावर खिडकीचा एक उभा, जवळजवळ पांढराशुभ्र पट्टा दिसेल. त्याला चिकटूनच दाराआडच्या अंधाराचा जवळजवळ काळा पट्टा. खाली ओट्याचा रंग, मधे तुमच्या शर्टाचा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा प्रवास बोटभर रुंदीतही होत नाही, काही ठिकाणी तर दोरा ओढल्यासारखी कड आहे. डब्याला स्वतःचा असा रंग जवळपास नाहीच, आजूबाजूचं जग तो उसनं घेतो. घासलेल्या पोलादाच्या चिलखताचंही हेच.

बाटलीतला मेटॅलिक रंग असं वागत नाही. त्यात ॲल्युमिनियमचे किंवा अभ्रकावर लेप दिलेले अतिसूक्ष्म पत्रे तरंगत असतात. रंग वाळताना ते साधारण आडवे बसतात, पण सगळे एका पातळीत नाहीत. प्रत्येक पत्रा थोडा वेगळ्या दिशेचा उजेड परत फेकतो. परिणामी आरशासारखं प्रतिबिंब न उमटता सगळीकडे सारखी, मधल्या राखाडी उजेडाची झळाळी येते. काळा नाही, पांढरा नाही, मधलंच काहीतरी चमकतंय. डोळ्याला लगेच कळतं की हे पोलाद नव्हे, कशावर तरी चढवलेला मुलामा आहे. बेगड म्हणतो ते हेच.

मी स्वतः या धंद्यात बेगडापासूनच आलो. दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांचे भाले आम्ही फाटकाला लावायच्या सिल्व्हर पेंटनं रंगवायचो, आणि ते दोन फुटांवरून झकास दिसायचे. कारण किल्ल्यावर ऊन तिरकं पडायचं आणि भाल्याला एकच काम होतं, चमकायचं. चिलखताला गुडघे आहेत, खांदे आहेत, घडी पडणारे पत्रे आहेत. ते आकार चमकेतून दिसायला हवेत.

आणखी एक अडचण मापाची. 28 मिमीच्या सैनिकाची गुडघ्यावरची वाटी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. खऱ्या वाटीवर आभाळ, क्षितिज, जमीन सगळं मावतं. तुमच्या वाटीवर खोलीतल्या ट्यूबलाइटचा एक ठिपका पडतो, तोही टेबलाभोवती फिरलात की हलतो. म्हणजे प्रतिबिंबातला काळोख आपोआप येणार नाही, तो हातानं रंगवावा लागतो. चमक मात्र रंग फुकटात देतो, ती घ्यावी. माझं चाळिसांसाठीचं सगळं तंत्र एवढ्यावर उभं आहे.

प्राइम, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, काळ्यानं करा, मॅट (चमक नसलेल्या) काळ्यानं. त्यावर गडद पोलादी रंगाचे दोन पातळ हात. सिटाडेल कंपनीचा लेडबेल्चर हा रंग या कामाला वर्षानुवर्षं चालतोय (2012 च्या आधी त्याच जागी बोल्टगन मेटल होता, जुन्या लोकांना आठवेल), पण कुठलाही गडद स्टील चालेल. उजळ चंदेरी असेल तर त्यात काळा मिसळा. पाण्यानं फार पातळ करू नका. पाणी जास्त झालं की पत्रे पोहत कडेला जाऊन साचतात आणि मधे टक्कल पडतं. ॲक्रिलिक मीडियमचे (रंग पातळ करायच्या पारदर्शक द्रवाचे) दोन थेंब घाला. बाटली मात्र मनापासून हलवा, सगळा धातू तळाशी बसलेला असतो. आणि मेटॅलिकसाठी ब्रश वेगळा, पाण्याचा कपही वेगळा ठेवा. तोच कप वापरलात तर पुढच्या सैनिकाच्या गालावर लग्नातली चमकी लागलेली दिसेल, आणि ती काही केल्या निघत नाही.

आता वॉश. तुम्ही तो आख्ख्या सैनिकावर ओतता, असं फोटोवरून दिसतंय. जाळीच्या चिलखतावर ते ठीक, तिथे खळगे आहेत, वॉश आपली जागा शोधतो. छातीच्या गोल, गुळगुळीत पत्र्यावर मात्र तो चहाच्या कपाखालच्या वर्तुळासारखा वाळतो. मधे डाग, कडेला काळी किनार, आणि वरून सगळी झळाळी एका पट्टीनं खाली. दोष नल्न ऑइलचा, म्हणजे सिटाडेलच्या त्या काळ्या वॉशचा नाही, ओतण्याचा आहे. ब्रश वॉशमध्ये बुडवा, कपड्यावर अर्धा पुसा, आणि पत्र्याच्या खालच्या अर्ध्या भागात, काखेकडच्या बाजूला, सांध्यांच्या फटीत ओढत न्या. पहिला हात वाळला की त्याहून लहान जागेत दुसरा. तिसरा फक्त फटीत. वॉश शक्यतो मॅट असावा, कारण इथे तो दोन कामं करतो: रंग गडद करतो आणि चमक मारतो. सावलीतला पत्रा चमकत राहिला तर ती सावली वाटतच नाही. शुद्ध काळ्यापेक्षा त्यात थेंबभर गडद निळा घाला, पोलाद थंड दिसतं.

मग उलट प्रवास. वरच्या बाजूला तोंड असलेले भाग, म्हणजे शिरस्त्राणाचा माथा, खांद्याचा वरचा पत्रा, छातीचा फुगवटा, इथे पुन्हा मूळ पोलादी रंग. त्याच्या आतल्या निम्म्या जागेत उजळ स्टील. आणि सगळ्यात शेवटी बाटलीतली सगळ्यात पांढरी चांदी, पण फक्त कडांवर आणि माथ्यावरच्या एका ठिपक्यात. इथे हात आखडता घ्या. मी सुरुवातीला हा शेवटचा रंग इतक्या उदारपणे लावायचो की सगळी मेहनत परत बेगडावर यायची. या पद्धतीनं माझा एक सैनिक धातूपुरता दहा-पंधरा मिनिटांत होतो. तुमचे पहिले पाच जास्त घेतील, घेऊ द्या.

ड्रायब्रशबद्दल (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून घासणं) विचारलंत म्हणून: जाळीसाठी बिनधास्त. काळ्यावर स्टील ड्रायब्रश, वर वॉश, पुन्हा हलकासा ड्रायब्रश, झालं. गुळगुळीत पत्र्यासाठी नको, तो पीठ भुरभुरल्यासारखा पोत सोडतो.

घाई असेल तर तेलरंगाचा वॉश हा माझा आवडता चोरटा मार्ग. त्यासाठी परदेशी बाटली मागवायची गरज नाही. कॅमलच्या तेलरंगाच्या बर्न्ट अंबर आणि काळ्या अशा दोन ट्यूब अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या कुठल्याही चित्रकला-साहित्याच्या दुकानात मिळतील. मेटॅलिक रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक हात द्या, तो विसरू नका, नाहीतर स्पिरिट खालचा ॲक्रिलिक उचलू शकतं. मग तेलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये दुधाइतका पातळ करून सगळीकडे लावा. अर्धा तास थांबा. स्पंजच्या तुकड्यानं किंवा कानाच्या काडीनं उंचवटे पुसून काढा, नेहमी वरून खाली. फटीतला काळोख जागेवर राहतो, उंचवटा पुन्हा लख्ख. ॲक्रिलिक वॉशमध्ये चूक झाली की झाली, इथे दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा थोडं सुधारता येतं. चाळीस सैनिक एका संध्याकाळी होतात. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय असेल तर ती या निमित्तानं सोडा.

आता टाउटन. हा भाग कुणी तुम्हाला सांगितला नसावा असं वाटतं, कारण तुमच्या नमुन्याच्या तीनही सैनिकांचे तळ (पायाखालच्या चकत्या) बर्फाचे आहेत आणि चिलखताच्या खालच्या बाजू काळ्याकुट्ट. 29 मार्च 1461, यॉर्कशर, पाम संडेचा दिवस, आणि हिमवादळ. जमीन पांढरी. पांढरी जमीन उजेड खालून वर फेकते. डबा पांढऱ्या कागदावर ठेवून बघा: तळाकडचा भाग उजळतो आणि सगळ्यात गडद पट्टा मधे कुठेतरी सरकतो. म्हणजे टाउटनच्या सैनिकाच्या छातीच्या पत्र्यावर वर ढगाळ आभाळाचा फिका उजेड हवा, मधे गडद क्षितिजाची पट्टी, आणि खाली पुन्हा थंड निळसर राखाडी. हेच सैनिक तुम्ही बॉसवर्थच्या लढाईसाठी, 22 ऑगस्ट 1485 च्या उन्हाळ्यातल्या मैदानावर, रंगवले असते तर खालची बाजू हिरवट-तपकिरी आणि चांगलीच गडद झाली असती. चिलखत तेच, शतक तेच, पण जमीन बदलली की धातू बदलतो. म्हणून मी तळाचा रंग आधी ठरवतो आणि धातूला नंतर हात लावतो. अनेक चांगले रंगारी हे उलट करतात, मग सैनिक एका जगात आणि त्याचे पाय दुसऱ्याच.

चाळीस जणांवर हे करायला फार वेळ लागत नाही. सावलीचे हात खालच्या टोकापर्यंत न नेता मधल्या पट्टीत थांबवा. अगदी खालच्या कडेला फिका निळा-राखाडी साधा रंग, भरपूर पातळ करून, एक ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारा हात. हा रंग मॅट असल्यानं तिथली चमक बसते आणि वरच्या उजेडाशी स्पर्धा होत नाही. लाल अंगरखा घातलेल्यांच्या दंडाच्या पत्र्यावर, कापडाला लागून, पातळ लालसर ग्लेझचा एक फटकारा मारा. डब्यात तुमचा शर्ट दिसला होता ना, तेच हे. एवढ्या छोट्या गोष्टीनं कापड आणि धातू एकाच ठिकाणी उभे असल्यासारखे वाटायला लागतात.

सगळ्यांचं चिलखत सारखं लख्खही नको. त्या काळच्या सरदारांच्या उघड्या, घासूनपुसून ठेवलेल्या पोलादी चिलखताला इंग्रजीत 'व्हाइट हार्नेस', म्हणजे पांढरं चिलखत म्हणत. असं चिलखत लख्ख ठेवायला माणसं लागतात. साध्या पायदळातल्या माणसाचं शिरस्त्राण कमी घासलेलं, कधी भट्टीतून आलेल्या काळपट अवस्थेतच ठेवलेलं. त्यासाठी माझी युक्ती बाटलीतली नाहीच. मॅट काळ्यावर 6बी पेन्सिलीचं टोक कडांवरून आणि माथ्यावरून घासा. ग्राफाइट जी दबलेली, तेलकट चकाकी देतं ती बिडाच्या जुन्या तव्यासारखी दिसते, आणि कुठल्याही मेटॅलिक रंगाला ती साधत नाही. बोट फिरवलंत तर पसरते, म्हणून हे सगळ्यात शेवटी. चाळिसांतले आठ-दहा असे काढलेत की उरलेल्यांचं पोलाद आपोआप उजळ दिसेल.

गंजाची घाई करू नका. काल्पनिक जगातले सैनिक रंगवणाऱ्यांनी गंज इतका लोकप्रिय केलाय की प्रत्येक तलवार विहिरीतून काढल्यासारखी दिसते. ज्या माणसाचा जीव चिलखतावर आहे तो ते घासतो, तेल लावतो. जाळीचं चिलखत तर वाळूच्या पिंपात घालून घोळवत. ओल्या बर्फात दिवसभर उभं राहिल्यावर येतो तो ताजा गंज, नारिंगी, आणि अगदी थोडा: रिव्हेटच्या भोवती, चामड्याच्या पट्ट्याखाली, जिथे पाणी अडकतं आणि फडकं पोचत नाही. पहिल्या पावसानंतर बाल्कनीच्या ग्रिलकडे बघा. गंज सळईच्या मधोमध नसतो, जोडापाशी सुरू होतो आणि तिथून ओघळतो. रंगवताना आधी गडद तपकिरीचे बारीक ठिपके, मग त्यांच्याच आत त्याहून लहान नारिंगी ठिपके. नारिंगी बाहेर आला की गंजाचा टोमॅटो सॉस होतो. ठिपके मॅट हवेत, गंज चमकत नाही.

पितळ सोपं आहे, आणि ते शिकायला आपल्याइतकी चांगली शाळा जगात कुणाकडे नाही. चिलखताच्या कडा आणि रिव्हेट लॅटन नावाच्या पितळी मिश्रधातूचे असत. आमच्या घरी समई सणाच्या आदल्या दिवशी चिंचेनं घासली जायची. उंचवटे सोन्यासारखे पिवळे, सपाट भाग किंचित लालसर, आणि नक्षीच्या खाचेत, जिथे आईचं बोट पोचायचं नाही, तिथे काळपट तपकिरी आणि हिरवट कळंक. बस, हाच नकाशा. गडद तपकिरीवर पितळी रंग, खाचेत तपकिरी वॉश, आणि हायलाइटला पितळी रंगात चांदी मिसळा, पांढरा नाही. यामागे कारण आहे. प्लास्टिक किंवा लाकडाला पॉलिश केलं की त्यावरचा उजेडाचा ठिपका पांढरा असतो, वस्तू कुठल्याही रंगाची असो. पितळ, तांबं, सोनं या धातूंवर तो ठिपकाच रंगीत असतो, कारण हे धातू निळ्या बाजूचा उजेड कमी परतवतात. पितळावर पांढरा ठिपका टाकलात की ते पिवळं प्लास्टिक होतं. हिरवा कळंक तुमच्या सैनिकांवर नकोच. ते पितळ वापरातलं आहे, अडगळीतलं नाही. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे एकदा फक्त खाचांसाठी बघून या.

(बाजारात सुटी मिळणारी सोनेरी पावडर व्हार्निशमध्ये कालवून वापरायचा मोह होईल. ती बहुधा पितळेचीच भुकटी असते, काही महिन्यांत काळवंडते. मखराला ठीक आहे.)

आता सरदार, आणि नॉन-मेटॅलिकचा प्रश्न.

एनएमएम (नॉन-मेटॅलिक मेटल) म्हणजे धातूचा कणही न वापरता, साध्या मॅट रंगांनी धातूचं प्रतिबिंब चितारणं. चित्रकार शतकानुशतकं हेच करत आलेत. लघुमूर्तींच्या जगात 2000 नंतरच्या दशकात फ्रान्सच्या राखाम कंपनीच्या रंगाऱ्यांनी त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आज स्पर्धेच्या कपाटात बघाल तर अर्धं काम त्याच घराण्यातलं. त्याचा फायदा एकच, पण मोठा: उजेड कुठे पडणार हे तुम्ही ठरवता, खोलीतली ट्यूबलाइट नाही. तोटाही त्याच वाक्यात आहे. मूर्ती हातात घेऊन फिरवली की प्रतिबिंब जागचं हलत नाही, आणि डोळ्याला फसवणूक कळते. म्हणून फोटोत आणि एका बाजूनं बघायच्या कपाटात एनएमएम जिंकतं, टेबलावर फिरणाऱ्या सैन्यात मेटॅलिक. चाळीस जणांना एनएमएम करणारे लोक मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, त्यांची सैन्यं अजून पूर्ण झालेली नाहीत.

स्पर्धा फोटोंवर असेल तर एनएमएम करा. मूर्ती हातात घेऊन बघणार असतील तर नका करू.

करायचंच ठरलं तर पहिला आठवडा रंगाला हात लावू नका. मूर्तीला काळा प्राइमर, वर ग्लॉस व्हार्निश, आणि खोलीतले सगळे दिवे बंद करून टेबललँप एकाच जागी, डावीकडून वर. मोबाइलनं चारही बाजूंनी फोटो काढा. काळ्या चकचकीत पृष्ठभागावर ज्या पांढऱ्या रेषा आणि ठिपके दिसतात तोच तुमचा नकाशा. मांडी, पोटरी, दंड हे नळकांडी आकार, म्हणजे डबाच: उजेड लांबीच्या दिशेनं पट्ट्यात उतरतो. शिरस्त्राण, गुडघ्याची वाटी हे गोल: वर एक ठिपका, आणि खालच्या कडेला जमिनीकडून आलेली चंद्रकोर. तलवारीच्या पात्याला मधे शीर असते, तिच्या दोन बाजू वेगळ्या दिशांना बघतात, म्हणून एक उजळ तिथे दुसरी गडद, आणि पात्याच्या टोकाकडे जाताना अदलाबदल. तुमच्या सरदाराचं चिलखत मिलानी धर्तीचं, मोठ्या गुळगुळीत गोलाईचं दिसतंय. एनएमएम शिकायला हे उत्तम, कारण मोठ्या जागेत प्रतिबिंब मांडायला वाव मिळतो. जर्मन गॉथिक धर्तीचं, पन्हळी पाडलेलं असतं तर प्रत्येक पन्हळीवर वेगळी रेघ ओढावी लागली असती, आणि मी तुम्हाला सरळ नको म्हटलं असतं.

पोलादासाठी काळा, गडद निळा-राखाडी, मधला राखाडी, फिका राखाडी, पांढरा एवढे पुरेत. नवशिका इथे एक चूक हमखास करतो, मीही दोन वर्षं केली: तो मिश्रण गुळगुळीत करण्यात इतका रमतो की काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत लांबच लांब, मऊ राखाडी उतार तयार होतो. मग चिलखत साटिनच्या कापडाचं दिसतं, किंवा संगमरवराचं. पुन्हा डबा बघा. तिथे मधला राखाडी किती कमी आहे! काळा आणि पांढरा एकमेकांच्या अंगाला लागून उभे आहेत. उतार आखूड करा, काही ठिकाणी तोडूनच टाका. गुळगुळीतपणात थोडी कसर राहिली तरी धातू वाटेल. उजेड-काळोखातलं अंतर कमी राहिलं तर कितीही गुळगुळीत असो, वाटणार नाही. शंका आली की मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून बघा. सगळा राखाडी दिसला तर काळा वाढवा.

आणि बर्फ. तुमचा सरदारही टाउटनचाच असेल तर खालची चंद्रकोर निळसर पांढरी हवी, तपकिरी नको. एनएमएमच्या बहुतेक धड्यांत खाली तपकिरी जमीन आणि वर निळं आभाळ शिकवतात. त्या दिवशी आभाळ निळं नव्हतं आणि जमीन तपकिरी नव्हती.

मी स्वतः 75 मिमीला मधला मार्ग घेतो. ग्लॉस काळ्यावर एअरब्रशनं बारीक कणांचा मेटॅलिक. व्हॅलेहो कंपनीची मेटल कलर मालिका यासाठी चांगली, तिचे पत्रे इतके बारीक की 75 मिमीवरही चमकीसारखे दिसत नाहीत. ग्लॉस काळा अशासाठी की गुळगुळीत जमिनीवर पत्रे जास्त सपाट बसतात. मग नकाशातल्या काळ्या जागांवर काळा-निळा मॅट ग्लेझ, आठ-दहा पातळ हात, अगदी काळं होईपर्यंत. उजेडाच्या जागी शुद्ध चांदी. म्हणजे मांडणी एनएमएमची, साहित्य मेटॅलिकचं. मूर्ती फिरवली की उजेडाचे भाग जिवंत होतात आणि काळोख जागेवर राहतो. फोटो काढणं मात्र कटकटीचं, कण उजेडात ठिणग्यांसारखे चमकतात. दिव्यासमोर बटर पेपर लावून उजेड मऊ करा, बराच फरक पडतो.

महागातल्या रंगांचं उत्तर इथेच देतो: चाळिसांसाठी एक गडद स्टील, एक उजळ चांदी, एक पितळ, काळा आणि तपकिरी वॉश. संपलं. क्रोमचे मार्कर मिळतात, ते बाटलीतून आल्या आल्या आरशासारखे असतात, पण व्हार्निश लागलं किंवा बोट लागलं की ती आरसेगिरी जाते. खेळाच्या सैनिकाला दोन्ही लागणारच.

व्हार्निशवरून आठवलं, तुम्ही सगळं झाल्यावर मॅट स्प्रे मारता ना? मग चमक गेली तर नवल काय. मॅट व्हार्निश उजेड विखुरतं, त्याचं कामच ते. माझा क्रम असा: आधी कापड, कातडी, चामडं सगळं पूर्ण, मग मॅट व्हार्निश, आणि धातू त्यानंतर. क्रम उलटा झाला असेल तर मॅट वाळल्यावर फक्त पत्र्यांवर ब्रशनं सॅटिन किंवा ग्लॉस व्हार्निश चढवा, आणि सावलीच्या जागा सोडा. एकाच पत्र्यावर चकचकीत आणि निस्तेज शेजारी-शेजारी आले की डोळ्याला ते फार पटतं.

स्प्रे मात्र पावसाळ्यात नको. एका जुलैत, बाहेर रिपरिप चालू असताना, मी गच्चीच्या आडोशाला बारा सैनिकांवर मॅट स्प्रे मारला. तासाभरात सगळे दुधाळ धुक्यात गेले, चिलखतासकट. हवेतली वाफ व्हार्निशमध्ये अडकते. वर ग्लॉसचा हात दिला की कधी कधी पारदर्शकपणा परत येतो. माझे सात वाचले, पाच पुन्हा रंगवले. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास, रंग मूर्तीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि खरखरीत पोत बसतो, आणि खरखरीत प्राइमरवर कुठलाही मेटॅलिक गुळगुळीत दिसत नाही. सकाळी लवकर मारा, जवळून, हलक्या हातानं. पावसाळ्यात मी प्राइमर आणि व्हार्निश दोन्ही ब्रशनंच लावतो.

सुरुवात तीन सैनिकांपासून करा: एकावर वरचा ॲक्रिलिक वॉश, एकावर तेलरंग, एक पेन्सिलवाला काळपट. तिघांना बर्फाच्या तळावर उभं करून हातभर लांबून बघा, ज्या दिव्याखाली खेळणार त्याच दिव्याखाली. रंगवायच्या टेबलावरच्या झगझगीत लँपखाली सगळंच छान दिसतं. फोटो पाठवाल तेव्हा दिवा कोणता होता ते लिहा, आणि सरदाराची स्पर्धा फोटोवर आहे की हातात घेऊन, तेही.